सासऱ्यांनी झाडलेला काठ

सगळे तिला ओढेवाल्या बाई म्हणत. नोकरीच तशी होती. ओढ्याच्या काठाकाठाने चालायचं, पाण्यावर सावली कुठे पडते, घरटी कुठे आहेत, माती कुठे ढासळते ते पाहायचं आणि तेवढा तुकडा नकाशात रंगवायचा. चांगला काठ हिरवा, बिघडलेला लाल. पाण्यापर्यंत नांगर कुठे घालू द्यायचा नि झाडं कुठे लावायची, ते त्यावरून ठरे. देवाचं नाव घेऊन ती पाण्यात पाय टाकी आणि दिसेल तेच मांडी.

यंदा पाळी आली सासऱ्यांच्या मळ्यामागच्या काठाची. सासूबाई गेल्यापासून त्यांचा सगळा जीव त्या कोबीच्या वाफ्यांत.

ती पोचली आणि काठ ओळखूच येईना. मागे आली तेव्हा तिथे झुडपं होती, पाण्यात उतरलेली मुळं होती. आता काठ अंगणासारखा गुळगुळीत. सासरे कोयता पुशीत उभे.

"बघ सूनबाई! गवताची काडी सापडली तर सांग. घरच्याच काठापायी तुला ऑफिसात मान खाली घालायला लागू नये, म्हणून खपलो."

"बाबा, तीच तर पंचाईत झाली."

मग तिने सांगितलं. मुळं गेली की माती सुटते, सावली गेली की पाणी तापतं, मासे राहत नाहीत.

"म्हणजे मी नापास?"

"काठ नापास, बाबा."

"एवढंसं हिरवं फिरवलंस तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल. आणि वरचा बघतोच आहे."

तिने लाल रंग भरला. आपल्यासाठी राबलेल्या माणसाचा काठ लाल करताना हात जड झाला होता. सासरे पाठ फिरवून बसले. तिने डबा उघडून अर्धा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पाहिलंही नाही.

"लाल तुकड्याला ऑफिसकडून झाडांची रोपं आधी मिळतात," ती हळूच म्हणाली. "पण काठाकडची कोबीची ओळ सोडावी लागेल. तुमच्या मनात नसेल तर कुणी जबरदस्ती करणार नाही."

म्हाताऱ्याने वळून उघड्या काठाकडे पाहिलं. मग उठला आणि काठाकडचे कोबीचे गड्डे एकेक उपटून तिच्या पिशवीत टाकू लागला.

"ऑफिसला सांग, रोपं धट्टीकट्टी पाठवा. मरतुकडी आणलीत तर दारातूनच परत."

"आणि गवत वाढलं की?"

"हात शिवशिवतील गं," ते कसनुसं हसले. "तेव्हा येत जा तू. गप्पा मारत बसू, म्हणजे कोयत्याकडे लक्ष जाणार नाही."

"येईन की," ती म्हणाली आणि मघाचा डबा त्यांच्या हातात दिला.