मुहूर्तावर सुरू केलेले यंत्र

मी उस्मानपुऱ्यात एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत संगणकाचा क्लास चालवत असे. त्या काळी यंत्राची मेमरी सहाशे चाळीस किलोबाइट होती. आज नातवाच्या फोनमधला एक फोटो तेवढ्या जागेत मावत नाही. आम्ही तेवढ्या जागेत शाळांचे निकाल लावत होतो आणि सहकारी संस्थांची पगारपत्रके काढत होतो.

हे जमत असे ते शिस्तीमुळे. यंत्र सुरू झाले की आधी त्याची स्वतःची व्यवस्था जागा अडवी. मग पडद्यावर मराठी अक्षरे आणणारा प्रोग्रॅम येई. तीच अक्षरे कागदावर उतरवायची तर प्रिंटरसाठी आणखी एक. उरेल त्या जागेत आपले काम. यातले काही प्रोग्रॅम असे होते की एकदा आत येऊन बसले म्हणजे यंत्र बंद होईपर्यंत उठत नसत, त्यांचे काम संपलेले असो वा नसो. म्हणून मी प्रत्येक कामाची फ्लॉपी वेगळी ठेवली होती. काम बदलले की यंत्र बंद करायचे, फ्लॉपी बदलायची, पुन्हा सुरू करायचे. आधी रिकामे करा, मग भरा, असे फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहिलेले असे. बंद करणे हा माझ्या लेखी कामाचाच भाग होता. त्यात कुणाला काही वावगे वाटेल हे माझ्या डोक्यात कधी आले नाही.

एका विद्यार्थ्याने पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ दाखवणारा प्रोग्रॅम कुठूनसा आणून घातला होता. मी त्याला उभे केले.

"सर, नुसतं घड्याळ आहे."

"वेळ भिंतीवर बघायची."

मुले मागे हसली. मला त्याचे वाईट वाटले नाही. आपण किती थोडक्यात भागवतो याचा मला अभिमान होता.

पत्नीचा धाकटा भाऊ कॉलेजसाठी आमच्याकडे गारखेड्याला राहत होता. दुपारी क्लासवर येई आणि कुणी न शिकवता शिकला. त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, वैजापूरला कांद्याची आणि धान्याची आडत होती. शेतकऱ्याचा माल त्यांच्या दारात लिलावाने विकला जाई आणि विक्री झाली की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडे. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी उरलेली रक्कम, असा तो कागद. हंगामात गाड्यांची रांग लागे आणि पट्टी लिहिणाऱ्याची बोटे आखडत. ही पट्टी यंत्रावर निघावी असे मेहुण्याच्या मनाने घेतले. शिक्षण संपल्यावर दुकानात बसायचे ते याच अटीवर, असे त्याने वडिलांना सांगितले.

सासरे भाकरी मोडत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

"मशीन घेऊ. चाललं तर दुकान तुझ्या पद्धतीनं. नाय चाललं तर मी सांगन तसं. मग पुन्हा ह्या गोष्टीचा शब्द काढायचा नाय."

"कबूल, दादा."

मी पंक्तीत शेजारीच होतो. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "चालेल." जावयाला कुणी हमी मागत नाही. ती मी आपण होऊन दिली.

मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा ठरला. मी पट्टीचा प्रोग्रॅम लिहून तपासून ठेवला. जागेत नेमका बसत होता. कडेला फारसे काही उरत नव्हते. मुहूर्त जवळ आला तेव्हा सासऱ्यांचा फोन आला. तो पत्नीने घेतला आणि निरोप मला सांगितला.

"दादा म्हणतात, मशीन सुरू केलं की आधी गणपती दिसला पाहिजे. आणि आरती वाजत असेल तर बघा."

"गरज नाही."

"तसं सांगू त्यांना?"

मी हातातली फ्लॉपी पाकिटात घातली. मग म्हणालो, "नको. करतो."

दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाने मागितले असते तर मी त्याला जिना उतरायला लावला असता. पण सासरवाडीत माझी ओळख 'क्लासवाले पाव्हणे' एवढीच होती. मोठ्या जावयाचा पेट्रोल पंप होता. मलाही काही येते हे त्या घराने एकदा पाहावे, असे वाटले. मी ठिपक्याठिपक्यांनी गणपतीचे चित्र रचले आणि यंत्राच्या चिमुकल्या भोंग्यावर आरतीची चाल बसवली. तो प्रोग्रॅम आत येऊन बसणाऱ्यांपैकी होता. मला ते ठाऊक होते. पूजा झाली की यंत्र बंद करायचे, पट्टीची फ्लॉपी घालायची, पुन्हा सुरू करायचे. यात विचार करण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही.

त्या दिवशी दुकानात गादीशेजारी टेबलावर लाल कापड घातले होते. यंत्राला झेंडूची माळ, कुंकवाची बोटे. आजूबाजूचे आडते, दोन-चार शेतकरी, घरातली माणसे, सगळी दाटीने बसलेली. सासऱ्यांनी खटका दाबला. पडद्यावर गणपती वरून खाली एकेक ओळ उतरू लागला, आधी मुकुट, मग कान, मग सोंड. आरती वाजली. लोकांनी हात जोडले.

पलीकडच्या दुकानाचे म्हातारे आडते मोठ्याने म्हणाले, "नशीब लागतं बाबा. आमच्या जावयाला सायकलचं पंक्चर काढता येत नाय."

सगळे हसले. मलाही हसू आले. ते आठवले की अजून कान गरम होतात.

"आता पट्टी काढा," सासरे म्हणाले. मुहूर्ताची एक गाडी सकाळीच तोलून ठेवली होती आणि तिचा मालक उंबऱ्याशी बसला होता. मी दुसरी फ्लॉपी काढली आणि खटक्याकडे हात नेला.

"का वो? काय करताय?"

"बंद करून पुन्हा सुरू करतो. आत जागा मोकळी व्हायला हवी."

"बंद?" सासऱ्यांचा आवाज खाली आला. "आज आखिती हाय, जावईबापू. आज लावलेलं अक्षय राहतं. लावलेला दिवा कुणी इझवतं का?"

"मिनिटभराचा प्रश्न आहे."

"मिनिटभर का व्हईना." ते रागावले नव्हते. उलट लाडाने बोलत होते. "तुम्हाला काय अवघड हाय त्यात? तसंच काढा."

क्लासमध्ये मी कुणाचे ऐकले नसते. तिथे मी हात मागे घेतला. मेहुणा शेजारी उभा होता. मी त्याला हळूच म्हणालो, "जागा पुरणार नाही."

"दाजी, बघा तर करून. सगळे बसलेत."

मी तसेच केले. प्रोग्रॅम आत आला. शेतकऱ्याचे नाव पडले, वजन पडले, भाव पडला. मला क्षणभर वाटले, निभावले. छापण्याची कळ दाबली आणि मेमरी अपुरी असल्याची इंग्रजी ओळ पडद्यावर आली. मग तीही पुसली गेली. गणपतीची अर्धी सोंड आणि तिच्याभोवती वेडीवाकडी चिन्हे एवढेच राहिले. भोंग्यातून आरतीचा एक सूर निघाला आणि तिथेच अडकला. थांबेना. मी एकेक कळ दाबून पाहिली. यंत्राला काही कळत नव्हते.

सूर चालूच. लोक आधी आरतीच समजून गप्प बसले, मग एकमेकांकडे पाहू लागले.

"आरती लई लांबली का?" म्हातारे आडते म्हणाले. "देवच हट्टाला पेटला जणू."

कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. उंबऱ्यावरचा शेतकरी म्हणाला, "मालक, माझी पट्टी हातानंच द्या. ऊन चढायलंय."

उपाय एकच होता आणि तो माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. माझा हात गेला नाही. सासऱ्यांचा शब्द मोडवत नव्हता आणि त्यांना समजावून सांगण्यापुरते तोंडही उघडेना. मी माळ घातलेल्या यंत्रासमोर मान खाली घालून उभा होतो.

मग मेहुणा टेबलाखाली वाकला आणि त्याने भिंतीतला प्लग ओढला.

शांत झाले. पडदा काळा.

"हात का लावलास?" सासऱ्यांनी विचारले.

"लावावा लागला, दादा."

"आखितीच्या दिवशी. चार माणसांत. देवाचं तोंड काळं केलंस."

तेव्हा मला कंठ फुटला. "त्याचा काही दोष नाही. चूक माझी आहे. चित्र मी घातले. जागेचा अंदाज माझा चुकला."

सासरे माझ्याकडे वळले. त्यांनी हात जोडले. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? आमच्याच पोराला घाई. लेकाला म्हणलं व्हतं, दमानं घे."

"मी सांगतो ते ऐकून घ्या. यंत्र मी..."

"जावईबापू, पानं वाढलीत. चला."

आणि मी गेलो. पाटाभोवती रांगोळी होती. आमरस होता, कुरडया होत्या. सासूबाई आग्रह करत होत्या. जेवणानंतर आहेर झाला. पानसुपारी आली, सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि आहेराचे ताट धरायला मुलाला हाक मारली. तो दुकानातून उठून आला. बोटांना शाई लागली होती. पट्ट्या लिहीत होता. तोवर जेवलाही नव्हता. त्याने ताट धरले, मला वाकून नमस्कार केला आणि परत गेला.

चुकीची लाज मी अनेकदा सोसली आहे. ती काही दिवसांनी विरते. त्या फेट्याची विरली नाही. माझा दोष मला कुणी घेऊ दिला नाही. जावयाच्या डोक्यावर तो ठेवता येत नाही, म्हणून शेजारच्या डोक्यावर ठेवला.

परतीच्या एसटीत पत्नीने विचारले, "तुम्ही बोललात ना दादांशी?"

"बोललो."

"मग?"

"ऐकले नाही."

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुमचं नाय ऐकलं तर कुणाचं ऐकतील? पोराचं?"

मी प्रोग्रॅम पुन्हा लिहायला घेतला. चित्र काढले, चाल काढली. पट्टीच्या कामाचे तुकडे केले. ज्या तुकड्याची पाळी त्याने आत यावे, काम झाले की त्याच जागेवर पुढच्याने यावे. आता यंत्र मध्ये बंद करण्याची गरज उरली नव्हती. हे मुहूर्ताआधीही जमले असते. ठिपके मांडण्यात जो वेळ गेला त्यात जमले असते.

बाजार बंद असलेला दिवस पाहून मी वैजापूरला गेलो. यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवले होते. मेहुण्याने कापड काढले, तार जोडली. मी जुन्या पट्ट्यांवरून नावे घातली आणि कागदामागून कागद छापला. सासऱ्यांनी चष्मा लावला. एकेक पट्टी हातात घेऊन तोंडाने हिशेब केला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. बराच वेळ त्यांनी कागद खाली ठेवला नाही. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "चालतंय की रं. लाव मग."

त्या माणसाच्या तोंडून यापेक्षा मोठी माघार मी कधी ऐकली नव्हती. मी मेहुण्याकडे पाहिले.

"नको, दादा," तो म्हणाला.

"का?"

"शब्द दिला व्हता. मुहूर्ताला चाललं नाय."

"आता चालतंय ना?"

"आता चालतंय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. त्याने पट्टीचे पुस्तक पुढे ओढले आणि कार्बन सरळ केला. हट्ट वडिलांचाच होता. मुलाने तो आता स्वतःचा केला होता. चार माणसांत बोलणी खाल्ल्यावर, मागाहून कुणी मेहेरबानी म्हणून दिलेले दुकान त्याला नको होते. ही माझी समजूत. त्याने मला कारण कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत जावयाचा मान नव्हता, दोष होता. इतके दिवस मला तीच नजर हवी होती. मिळाली तेव्हा तिचा कुणालाही उपयोग उरला नव्हता.

निघताना मेहुण्याने यंत्र बारदानात गुंडाळले, सुतळीने घट्ट बांधले आणि भाड्याच्या जीपमध्ये माझ्या पायांशी ठेवले.

"दाजी, क्लासला कामी येईल. इथं कांद्याची फोलपटं जातील त्यात."

"दादांना विचारलेस?"

"विचारलं."

नको म्हणायचे होते. कोणत्या तोंडाने म्हणणार? मी ते घेऊन आलो.

ते यंत्र उस्मानपुऱ्यात खिडकीजवळच्या टेबलावर बसवले. त्यावर कितीतरी मुले शिकली. सासरे गेल्यावर दुकान मेहुण्याचे झाले, पण पट्ट्या तो हातानेच लिहीत राहिला. खरेदीसाठी शहरात आला की क्लासच्या जिन्याखाली उभा राहून मला हाक मारी. मी खाली उतरे. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेत असू; तो बहिणीची चौकशी करी, मुलांसाठी खाऊ देई, कांद्याचा भाव सांगे. वर तो कधी आला नाही. मीही त्याला वर ये म्हणालो नाही.