धाकटीची सुभेदारी

माझी धाकटी बहीण सुभेदारीण झाली आणि माझ्या तोंडची चव गेली. कोणी म्हणेल, सख्ख्या बहिणीचा हेवा? अहो, हेवा सख्ख्यांचाच वाटतो. परक्याचं बरं झालं तर आपण पेढा खाऊन घरी येतो.

माझं लग्न झालं कल्याणच्या शाळेतल्या मास्तरांशी आणि तिचं झालं पलटणीतल्या शिपायाशी. तेव्हा आईने माझ्या नावाने देवापुढे नारळ फोडला होता आणि तिच्या नावाने पदराने डोळे टिपले होते. पुढे तो शिपाई नाईक झाला, हवालदार झाला, जमादार झाला, आणि मिशा पिकता पिकता सुभेदार झाला. आमचे मास्तर मास्तरच राहिले.

सुभेदार म्हणजे काय, हे कल्याणकरांना दुसऱ्या कोणी शिकवायला नको. पेशवाईत इथे सुभ्याचं ठाणं होतं. सुभेदार म्हणजे मुलखाचा धनी, पुढे चोपदार आणि खाली पालखी, हे प्रत्येकाने आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. इंग्रजांच्या पलटणीतला सुभेदार निराळा असेल, हे कोणाच्या डोक्यात यावं? नाव तेच ना! धाकटी पारनाक्याला बिऱ्हाड करून राहायला आली, तर वाण्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांचं 'सुभेदारीणबाई, सुभेदारीणबाई' सुरू झालं. बायकांत गेलं की तिला पाट आणि मला चटई. मी थोरली! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आणि ती मेली इतकी साधी, की पाटावरून सरकून मला जागा करून द्यायची. त्याचा तर मला आणखीच राग यायचा.

माझ्या मनात एकच होतं. माझा मुलगा अंगापिंडाने दांडगा, पुस्तकाशी मात्र त्याचा उभा दावा. मास्तरांना त्याला मामलेदार कचेरीत उमेदवारीला बसवायचं होतं. मला त्याला सुभेदार करायचं होतं, आणि त्यालाही तेच वेड लागलं होतं. धाकटीचे यजमान रजेवर आले तेव्हा मी त्यांना गाठून विचारलं, याला तुमच्या पलटणीत घ्याल का? सुभेदाराच्या शब्दावर भरती होते, हे मला ठाऊक होतं. ते नुसतेच मिशीवरून हात फिरवू लागले. धाकटीच मध्ये पडली, म्हणाली, अक्का, त्याला कचेरीतच जाऊ दे. झालं! मी तिला वाट्टेल ते बोलले. घरात दुसरा सुभेदार तुला खपत नाही, हेही बोलले. तिने उलट उत्तर दिलं नाही. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

त्यांची रजा संपली तेव्हा आम्ही दोघी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. मुलालाही यायचं होतं, पण तापाने पडला होता. सुभेदार पुरत्या पोशाखात होते, लाल डगला, छातीवर बिल्ले, कमरेला तलवार. फलाटावरचे हमालसुद्धा वाट सोडत होते. मी मनातल्या मनात तोच डगला माझ्या मुलाला घालून बघत होते.

मुंबईहून गाडी आली. पहिल्या वर्गाच्या डब्यातून त्यांच्याच पलटणीतला एक गोरा साहेब उतरला. साहेब कसला, मिसरूड न फुटलेलं पोर ते! हातात साखळी, साखळीला कुत्रं. सुभेदार ताडकन उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. त्या पोराने काहीतरी म्हटलं, साखळी त्यांच्या हातात दिली आणि ते सोडा प्यायला निघून गेलं. गाडी सुटायची वेळ होईपर्यंत पिकल्या मिशांचे आमचे सुभेदार ते कुत्रं धरून उभे होते. कुत्रं त्यांच्या पायांभोवती फिरत होतं आणि ते तलवार सांभाळत साखळी सोडवत होते. आमच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोटात गार पडलं. पण मुलाला पाठवायचा विचारही मी तिथेच सोडला. परत येताना धाकटीने माझा हात धरला.

"अक्का, हे गावात कोणाला सांगू नकोस."

तिने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं. मुलाला तरी कसं सांगणार? त्याच्या पोटात तीळ भिजत नव्हता. कारण न सांगता मी नुसतं 'पलटण नको' म्हणत राहिले.

चैत्रात माझ्याकडे हळदीकुंकू होतं. धाकटी नेहमीप्रमाणे पाटावर होती. बायकांनी विषय काढलाच, सुभेदारांना निरोप कसा दिला म्हणून. शब्द दिला होता, तो पाळायचा तर पुरता पाळावा. मी सांगितलं की साहेब स्वतः गाडीतून उतरला, त्याने सुभेदारांचा हात हातात घेतला, बरोबरीने बोलत उभा राहिला. बायका माना डोलवत होत्या. तेवढ्यात माजघराच्या दारातून माझा मुलगा म्हणाला, "मावशी, काकांना कळव. मी यंदाच भरती होतो. आता आईपण नाही म्हणणार नाही."

खरं सांगावं तर धाकटीची अब्रू जाते, गप्प बसावं तर पोर जातं. मी कुंकवाचा करंडा उगाच सारखा करत राहिले. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

धाकटीने पन्ह्याचं भांडं खाली ठेवलं.

"जाऊ नकोस, बाळा. साहेबाने हात दिला नाही, कुत्र्याची साखळी दिली. तुझे काका गाडी सुटेपर्यंत ती धरून उभे होते. पलटणीत सुभेदार म्हणजे एवढंच."

एकीने पाटाकडे बघितलं आणि नजर वळवली.

मुलगा गेला नाही, कचेरीत लागला. गावातले लोक 'सुभेदारीणबाई' म्हणताना ओठांतल्या ओठांत हसायला लागले, आणि तिने ते जन्मभर ऐकून घेतलं. तिच्या सुभेदारीचा हेवा माझ्यापुरता फलाटावरच संपला होता. पण त्या दिवशी माझ्या पोरासाठी तोंड उघडलं ते तिने, आणि आई मी होते. तो हेवा मात्र अजून गेलेला नाही.