पाठीचा तुकडा

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास आम्ही पनवेलला राहायला गेलो. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त भूशास्त्रज्ञ आणि त्यांची पत्नी राहत. सगळी बिल्डिंग त्यांना काका-काकू म्हणायची, मीही म्हणू लागले. नोकरीत असताना काकांना प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं होतं. बरोबरच्या लोकांनी येताना घड्याळं आणली. काकांनी तिथल्या समुद्रकाठच्या कड्याखाली पडलेली खडूच्या दगडाची ढेकळं आणली. डायनासोर होते त्या क्रिटेशस काळात समुद्राच्या तळाशी साचलेला हा मऊ, पांढरा दगड. इतकी वर्षं ती ढेकळं ट्रंकेत पडून होती. आता काका बाल्कनीत पाटावर बसून दात घासायच्या ब्रशाने एकेक ढेकूळ घासत.

एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. बशीत नखाएवढे कवचाचे काही तुकडे होते. शिंपला वाटत नाही, तुमच्या विषयातलं काही आहे का बघा, म्हणाले. भिंगाखाली धरल्यावर मी ओळखलं. ते बार्नेकलचे तुकडे होते. होड्यांच्या बुडाला आणि धक्क्याच्या खांबांना चिकटून बसणारा, धारदार कवचाचा तो प्राणी. हे तुकडे त्याच्याच, देठावर वाढणाऱ्या एका प्राचीन नातेवाइकाचे होते. असा प्राणी मेला की त्याच्या कवचाचे तुकडे सुटे होऊन विखुरतात, म्हणून अख्खा असा तो क्वचितच मिळतो.

जिवंत बार्नेकल बघायला आम्ही उरणला गेलो. काका पँट दुमडून खडकांकडे निघाले, तेव्हा जाळं विणत बसलेला एक कोळी म्हणाला, "बाबा, पाय फाटतील. आमी पन तिथं अनवाणी नाय उतरत." काका तरी उतरलेच. परतताना एसटीत ते तळव्याला रुमाल बांधून मजेत बसले होते.

त्यानंतर दीड-दोन वर्षं आमचे रविवार त्यातच गेले. जुन्या लेखांच्या झेरॉक्स मुंबईहून आणायच्या आणि एकेक जात ताडून बघायची. ढालीसारख्या त्रिकोणी तुकड्यावरच्या रेषा नोंदलेल्या कुठल्याच जातीशी जुळेनात. जात नवी होती. काकांनी चित्रं काढली, मी वर्णन लिहिलं.

वाद झाला तो पाठीच्या तुकड्यावरून. प्राण्याच्या पाठीवर बसणारा, नावेसारखा वाकलेला आणि मधोमध कण्यासारखा उंचवटा असलेला तो तुकडा त्याच ढेकळातून निघाला होता. काकांच्या मते तो याच जातीचा.

"जवळ सापडले म्हणून ते एकाच घरचे होत नाहीत," मी म्हणाले.

"मी इतकी वर्षं दगडच बघतोय. हा त्याचाच आहे."

"पुरावा काय?"

काकांनी तो तुकडा बशीत परत ठेवला. मग म्हणाले, "प्राण्यातलं तुम्हाला कळतं. गाळा."

आम्ही एकट्या ढालीसारख्या तुकड्यावरून जात वर्णन केली आणि नमुने संग्रहालयाला दिले. पाठीच्या तुकड्याचा उल्लेख शेवटी एका ओळीत आला, 'निश्चित सांगता येत नाही' असा. पूर्ण प्राण्याचं चित्र काढायची काकांची फार इच्छा होती, तीही राहिली. लेख छापून आला तेव्हा त्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले, पण दुसरं ढेकूळ घासायला काढलं नाही. मी एक-दोनदा विचारलं. "बघू," म्हणाले. पुढच्या वर्षी ती दोघं मुलीकडे नागपूरला गेली आणि तिथेच काका वारले.

त्यानंतर काही वर्षांनी एका परदेशी संशोधकाने मला त्याचा लेख पाठवला. तिकडच्याच खडूत त्याला आमच्या जातीचा अख्खा प्राणी मिळाला होता, सगळे तुकडे जागच्या जागी. पाठीवर तोच नावेसारखा तुकडा होता, त्याच कण्याचा, त्याच वळणाचा. मी फोटो कितीतरी वेळ बघत राहिले. तेव्हाच्या पुराव्यावर माझं म्हणणं बरोबर होतं, आजही मी तेच लिहीन. पण काकांना ते चित्र तरी काढू द्यायला हवं होतं, खाली 'अंदाजे' लिहून. कुणाचं काय बिघडलं असतं?

संध्याकाळी एसटीडी बूथवरून काकूंना फोन लावला. काकांचं बरोबर निघालं, असं सांगितलं.

"छापलंय का त्यांचं नाव?" त्यांनी विचारलं.

"हो. जातीच्या नावापुढे आमचं दोघांचंही."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या आणि बिल्डिंगमध्ये पाणी अजून पहाटेच येतं का, असं विचारू लागल्या. मी सांगत राहिले. पाण्याचं, तळोज्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्या वासाचं, त्यांच्या घरात आलेल्या नव्या बिऱ्हाडाचं.