खड्ड्यापाशी बसलेला माणूस

एटापल्लीच्या आमच्या कॉलेजातली एक मुलगी विद्यापीठातल्या संशोधनाच्या जागेसाठी ऑनलाइन मुलाखत देणार होती. त्याच सकाळी रस्ता खोदताना जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली.

दुरुस्तीला एक माणूस आला. मी त्याला मुलाखतीचं सांगितलं. खड्ड्यापाशी मांडी घालून, श्वास रोखून त्याने केबलमधले केसाएवढे काचेचे धागे एकेक पुसून जोडले. लाइन आली, तरी तो उठेना.

"भाऊ, जेवायला चला," मी म्हटलं.

"जेसीबी अजून चालूच हाये, मॅडम. परत तोडली तर? पोरीचं होऊ द्या. मी बसतो इथीच."

दोन तास तो उन्हात बसला. मुलाखत संपताच मी धावत गेले. "घेतलं तिला, तिथंच सांगितलं!"

मी आभार मानायच्या आत त्यानेच मला हात जोडले.

आज ती मुलगी विद्यापीठातून आमच्या मुलांना ऑनलाइन शिकवते. स्क्रीन उजळली की मी मनोमन त्याला नमस्कार करते.