बॉलवर गेलेला पाय

शहागंजात सायकली दुरुस्त करणाऱ्या हबीबला सारं गाव 'टांगतोड' म्हणायचं. पोलीस अॅक्शननंतर शहरात पहिल्यांदा फुटबॉलची लीग भरली, तिच्या फायनलमध्ये हे नाव त्याला चिकटलं. समोरच्या टीमचा रामकिसन आणि हबीब एकाच चेंडूवर बेफाम धावले आणि कडाड आवाज आला. रामकिसनची नडगी मोडली. स्ट्रेचर कुठलं आलंय? पोरांनी चहावाल्याचा बाक उचलला, त्यावर त्याला घातलं आणि निघाली. मागून चहावाला "माझा बाक, माझा बाक" करत धावला.

मॅच तिथंच बंद पडली. दिवस नाजूक होते, हिंदू-मुसलमान अजून एकमेकांकडं संशयानं बघायचे. हबीबनं पाय मुद्दाम घातला, ही आवई संध्याकाळपर्यंत गावभर झाली. तिला आडवा पडला तो एकटा रामकिसन. खाटेवरून येईल त्याला सांगायचा, "बॉलवरच आलता त्यो. मी काय आंधळा हाय व्हय?"

हाडवैद्यानं बकऱ्याच्या पायांचा रस्सा सांगितला. रामकिसनची आई भागूबाई पडली माळकरी. हबीब रोज घरून डबा आणायचा. भागूबाई खाट ओट्यावर काढायची आणि पाठ फिरवून म्हणायची, "पी मेल्या लवकर. वास देवापतूर जाईल."

हाड जुळलं, पण वाकडं. रामकिसनचा खेळ संपला.

पुढच्या वर्षी फायनलला पुन्हा त्याच टीमा. हबीबच्या कानात तो आवाज अजून होता. चेंडू जवळ आला की तो पाय आखडता घ्यायचा. त्यामुळे रामकिसनची टीम एका गोलनं पुढं गेली, आणि काठी टेकून बसलेला रामकिसन खूश व्हायचं सोडून हबीबलाच शिव्या घालायला लागला. मध्यंतरात त्यानं हबीबची कॉलर धरली.

"गधड्या, तू बॉलवर आलतास म्हणून मी गावभर सांगितलं. आज बॉल सोडून पळतोस? मग लोक म्हणतील, तवा माझ्या पायावरच आलता!"

हबीब रडकुंडीला आला. "अरे, फिर किसी का टूटा तो?"

"तुटू दे. रस्सा हाय की."

हबीबनं अल्लाचं नाव घेतलं आणि घुसला. कुणाचं काही मोडलं नाही. दोन गोल झाले, कप हबीबच्या टीमनं नेला. रामकिसनशी त्याची टीम महिनाभर बोलली नाही.

त्याला कुठं पर्वा होती? हबीबच्या सायकलच्या दांडीवर बसून तो घरापर्यंत ओरडत गेला, "बघितलं का? बॉलवरच जातो त्यो!"