भरली पाटी आणि तिसरी फेरी

मिठावरचा कर स्वराज्याबरोबर गेला, पण मिठाचा कारकून मागे राहिला. तो मी. डोंबिवलीहून रोज सकाळी ठाण्याला यायचं, खाडीकाठच्या मिठागरावरच्या चौकीत बसायचं आणि दुपारी डबा संपवून खेळांची मासिकं वाचायची, असा माझा क्रम होता. बॉक्सिंगमधलं मला सगळं कळतं असा माझा तेव्हा पक्का समज होता. एकही ठोसा न खाता आलेलं हे ज्ञान काळुराम मुकादमाने नऊ मिनिटांत उतरवलं.

काळुरामाशी माझी ओळख भांडणातून झाली. मिठागरात वाफ्यांमधून जाणारे बांध जेमतेम वीतभर रुंद. डोक्यावर मिठाची पाटी घेतलेला माणूस समोरून आला की तो ‘भरली!’ अशी हाक देतो आणि रिकामा माणूस डावीकडे वाफ्याच्या पाण्यात उतरून त्याला वाट देतो. हा तिथला कायदा. पहिल्याच दिवशी समोरून ‘भरली!’ आली आणि मी नवे बूट घालून बांधावर तसाच उभा राहिलो.

“भाऊ, भरलेल्याला वाट द्यावी लागते,” काळुराम म्हणाला.

“मी सरकारी माणूस आहे.”

“मंग सरकारच्या डोक्यावर पाटी ठेवू काय?”

सगळं मिठागर हसलं. पण त्या दिवसापासून माझ्यापुरता कायदा शिथिल झाला. मला पाहिलं की भरलेला माणूस हाक न देता बांधाच्या कडेला थांबायचा, मी आरामात पुढे जायचो. हा आपला मान आहे असं मी समजत होतो, आणि घरी बायकोला, सुमतीला, तसं सांगतही होतो.

काळुराम पन्नाशीचा, बुटका. मिठाच्या चकाकीने डावा डोळा कायमचा अर्धा मिटलेला. आवाज मात्र खाडीपलीकडे ऐकू जाईल असा. त्याचं खरं काम सकाळचं. तीस माणसं पाट्या घेऊन उभी राहिली की तो एकेकाकडे बघायचा आणि रांग लावायचा. पुढचा माणूस दमला तर मागचे वीस जण डोक्यावर ओझं घेऊन खोळंबतात, म्हणून कोण किती टिकेल हे आधी ओळखावं लागतं. “गणू, काल हलदीला नाचलास ना? आज मागं.” गणू निमूट मागे. दुपारी बघावं तर गणू खरंच धापा टाकत असायचा. काळुरामाचं म्हणणं, माणूस तोंडाने दमत नाही, आधी टाचेने दमतो.

त्याचा भाचा सहदेव मिठागरातच पाट्या वाहायचा आणि संध्याकाळी ठाण्यातल्या एका व्यायामशाळेत बॉक्सिंग शिकायचा. त्रेपन्न सालच्या फेब्रुवारीत तो जिल्ह्याच्या अजिंक्यपदासाठी कल्याणला उभा राहिला. समोर हरिहर, इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन, दोन वर्षांचा विजेता. काळुरामाने आठवडाभर आधीच जाहीर करून टाकलं, “सहदेव जिंकतो. तिसऱ्या फेरीत त्याची टाच उचललेलीच असंल.”

मी वजनं मांडली, हातांची लांबी मांडली आणि म्हटलं, हरिहर.

आम्ही सगळे कल्याणला गेलो. काळुराम पहिल्या मिनिटापासून ओरडत होता. त्याला दुसरी आरोळी येतच नव्हती, म्हणून तो आपली बांधावरचीच देत होता, “भरली! भरली रे!” दोन फेऱ्या बरोबरीच्या झाल्या. तिसरीत सहदेव दोनदा आडवा झाला आणि गुणांवर हरला. मला माझ्या अचूकपणाचा इतका आनंद झाला की परतीच्या वाटेवर मी काळुरामाला हातांच्या लांबीचं महत्त्व समजावून सांगत होतो. आज आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळुरामाने गणूला मागे जायला सांगितलं. गणू हलला नाही.

“घरच्या पोराचा समजला नाय तुला, माझा काय समजतोस?” तो म्हणाला.

झालं. मग जो तो आपल्या मनाने उभा राहू लागला. रांग रोज मध्येच अडायची, पाट्या डोक्यावर ठेवून माणसं एकमेकांना शिव्या घालायची. महिन्याभरात मालकाने काळुरामाला बोलावून सांगितलं की हे असंच चाललं तर पुढच्या हंगामाला दुसरा मुकादम बघावा लागेल. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर बांध चालला, तो माणूस मिठाच्या राशीच्या सावलीत एकटा बसू लागला. मला खरोखर वाईट वाटलं.

फेब्रुवारीची लढत इतकी गाजली होती की संयोजकांनी मे महिन्यात तीच जोडी पुन्हा लावली. सहदेवची आई आवडाबाई पदर खोचून भावाकडे आली. “दादूस, या बारीला पोर पडला तर त्याचे हातमोजे मी खाडीत टाकीन, आन तुझा पागोटा पण.”

काळुरामाने पागोटं चाचपलं आणि मला विचारलं, “भाऊ, फायरमन काम करताना बघायला मिलंल काय?”

माझा मेहुणा प्रभाकर कल्याणच्या लोको शेडमध्ये कारकून होता. त्याच्या ओळखीने आम्ही एका रविवारी तिथे गेलो. हरिहर इंजिनावरच होता. आम्ही कोण हे कळल्यावर त्याने हसून हात केला आणि फावडं उचललं. काळुराम धुरात तासभर उभा राहून त्याचं फावडं बघत होता आणि त्याला घाटातलं विचारत होता. एक इंजिन निघालं, दुसरं आलं. मला तर नुसता कोळसा दिसत होता.

“बघितलंत?” येताना काळुराम म्हणाला. “यो मानूस घाट चढताना मरनाचा कोलसा टाकतो. गाडी ठेसनात आली का फावडा टेकून बसतो. मंग पुन्यांदा घाट. पयल्या फेरीला तो सगली वाफ लावनार, दुसरीला दम खानार, तिसरीला पुन्यांदा घाट. ठेसनात असताना कोलसा मागायचा त्याच्याकडनं. दुसऱ्या फेरीला सहदेवानं त्याला बसूच द्यायचा नाय.”

“बरं. आणि तिसरीत सहदेव पडला होता, त्याचं काय?”

 याचं उत्तर दोन दिवसांनी सापडलं. चौकीच्या ओट्यावर आम्ही चहा पीत होतो. सहदेव रिकामी पाटी काखेत मारून बांधावरून येत होता आणि मागून कुणीतरी ‘भरली!’ म्हणून ओरडलं. ती हाक दुसऱ्याच बांधावरची होती. तरी सहदेवचा डावा पाय आपोआप पाण्यात गेला. काळुरामाच्या हातातली बशी थांबली.

“भाऊ,” तो हळूच म्हणाला, “पोराला हरिहरानं नाय पाडला. मी पाडला.”

मलाही एकदम सगळं दिसलं. तिसऱ्या फेरीत दमलेला सहदेव, काळुरामाची आरोळी, आणि प्रत्येक आरोळीला डावीकडे सरकणारा सहदेव. हरिहरने ते ओळखलं आणि त्याचा उजवा हात तिथे आधीच जाऊन थांबू लागला. अंगात ताकद असेतो माणूस शिकवलेलं करतो, ती संपली की बांधावरचं करतो. माझ्या कुठल्याच मासिकात हे नव्हतं.

काळुरामाने तीसही माणसांना गोळा करून आपली चूक सांगितली. एवढ्या लोकांपुढे असं सांगायला छाती लागते. मग त्याने फर्मान काढलं, “परवा हालमधी कोनी ब्र काढायचा नाय. पयला मी.” तिसऱ्या फेरीबद्दल गणूने विचारलंच. काळुराम म्हणाला, “तिथं माझा काय नाय. तिथं त्याचं पाय आन तो.”

मी मात्र हट्टाने हरिहरच्याच बाजूला राहिलो. मे महिना, पत्र्याचा हॉल, दुपारचे चार. उकाड्याने फायरमन दमेल असं कुणी म्हणालं तर मी हसत होतो.

आमची माणसं एका लांब बाकावर ओळीने बसली होती. डाव्या टोकाला काळुराम, त्याच्या मागे मी. त्याने पागोट्याचं टोक दातांत धरलं होतं. हॉल दणाणत होता आणि ते एक बाक तेवढं मयताला आल्यासारखं गप्प.

पहिल्या फेरीत हरिहर अक्षरशः घाट चढला. सहदेव मार खात, हात वर धरून फिरत राहिला. दुसऱ्या फेरीत हरिहर जरा मागे सरून दम खायला लागला, तोच सहदेव त्याच्या अंगावर गेला. बसू दिलं नाही, टेकू दिलं नाही. हरिहरच्या तोंडावरचं हसू तिथे पहिल्यांदा गेलं. काळुरामाने वळून माझ्याकडे एकदा पाहिलं. तोंडात पागोटं होतं म्हणून मी वाचलो.

तिसरी फेरी निम्मी झाली तेव्हा दोघेही संपले होते. सहदेवची टाच जमिनीला लागली. हरिहरने उरलीसुरली सगळी वाफ लावली आणि सरळ चालून आला, उजवा हात त्याच ठरलेल्या जागी न्यायच्या तयारीने. सहदेवचा डावा पाय हलला. मला तो स्पष्ट दिसला. काळुरामाने डोळे मिटले असावेत, त्याची मान खाली गेली.

तेवढ्यात तोंडातल्या रबरातून, घोगऱ्या आवाजात, सहदेव स्वतःच ओरडला, “भरली!”

त्याचा पाय परत जागेवर आला. भरलेला माणूस बाजूला होत नाही. तो सरळ पुढे गेला. हरिहरचा उजवा हात मोकळ्या हवेत गेला आणि सहदेवचा डावा त्याच्या हनुवटीवर बसला. हरिहर खाली बसला.

आमच्या बाकावर मात्र वेगळाच प्रकार झाला होता. ‘भरली’ ऐकताच झाडून सगळी माणसं सवयीने डावीकडे सरकली, आणि टोकाला बसलेला काळुराम बाकावरून धाडकन खाली गेला.

“काय झाला? भाऊ, काय झाला?” खालून आवाज येत होता.

“जिंकला!” मी ओरडलो. पंचांनी आठ मोजले तेव्हा हरिहर उठला होता, घंटा वाजायची होती, पण मला कळायचं ते कळलं होतं. मी त्याला हात देऊन उठवलं आणि कधी मिठी मारली ते मलाच समजलं नाही. निकाल गुणांवर सहदेवच्या बाजूने लागला. बाहेर हरिहर सुजलेल्या हनुवटीने विचारत होता, “अरे, पण तू ओरडलास काय?” सहदेव म्हणाला, “काय नाय. वाट मागितली.”

दुसऱ्या दिवशी सोमवार. तीस माणसं पाट्या घेऊन उभी होती. काळुराम पुढे आला, एकेकाकडे बघू लागला. गणूपाशी थांबला.

“गणू, काल लय नाचलास. मागं.”

गणू पाटी सावरत मागे गेला. काळुरामाने तोंड फिरवून पागोट्याने डोळे पुसले. “मीठ जेला डोल्यात,” म्हणाला. त्या डोळ्यांत तीस वर्षं मीठ जात होतं, पाणी मी त्याच दिवशी पाहिलं.

थोड्या वेळाने मी बांधावरून चौकीकडे निघालो. समोरून सहदेव आला, भुवई सुजलेली, डोक्यावर शिगोशीग पाटी. मला पाहून तो नेहमीसारखा थांबला. हाक दिली नाही.

“म्हण की,” मी म्हटलं.

“काय भाऊ?”

“भरली म्हण.”

तो लाजला. मग त्याने मामाच्या आवाजात हाक दिली. मी बुटांसकट डावीकडे वाफ्यात उतरलो. सुमतीने ते दिवाळीला घेतलेले होते आणि घरी गेल्यावर काय ऐकावं लागणार ते मला माहीत होतं. सहदेव गेला, त्याच्यामागून रांग सुरू झाली, आणि शेवटी गणू गेला तोवर मी घोटाभर खाऱ्या पाण्यात तसाच उभा राहिलो.