आत्याने काढलेली दृष्ट

अंबरनाथच्या चाळीत मी सहा वर्षांची असताना अख्खं घर मला चिडकी म्हणायचं. कुणी हाक मारली की मी खेकसायचे, केसांना हात लावला की चावायचे. आत्या दर शनिवारी मीठ-मिरच्यांनी माझी दृष्ट काढायची. मिरच्या शेगडीत टाकूनही ठसका लागला नाही की म्हणायची, "बघा, केवढी नजर लागलीय!" शेवटी उशीवर पू दिसला. महिनाभर माझा कान ठणकत होता आणि एकानेही विचारलं नव्हतं.

पंधरा वर्षांनी आत्याच सगळ्यांवर वसवस करायला लागली. तिचा सुजलेला गाल मला दिसत होता. तरी मी तिला पाटावर बसवलं आणि मूठभर मिरच्या सावकाश ओवाळल्या.

"अगं, दाढ ठणकतेय माझी!" ती कळवळली.

मी घरच्यांकडे वळून म्हणाले, "बघा, केवढी नजर लागलीय!"